चौरंग, न्हाणीघर आणि रंग काढायचे औषध : बडोद्यातील एक प्रकरण

हे प्रकरण बडोद्यात, दांडिया बाजारालगतच्या एका जुन्या मराठी घरात, गणेश चतुर्थीच्या दहा दिवस आधीच्या रविवारी घडले. घरच्या मंडळींना विचारून मी ते लिहीत आहे. नावे आणि घर ओळखता येईल असे तपशील गाळले आहेत. माझी सगळी नोकरी बडोद्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून झाली, त्यामुळे या प्रकरणातला द्रव माझ्या चांगल्या परिचयाचा होता. मात्र तो मला ड्रममध्ये, टँकरमध्ये आणि पाइपलाइनमध्ये माहीत होता. शेजारच्या घरात, एक लिटरच्या डब्यात, साबणाच्या वड्यांशेजारी तो ठेवलेला असेल हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

घटना

रुग्णाला आम्ही गल्लीतले सगळे अप्पा म्हणतो. वय ६८, बँकेतून निवृत्त. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. त्यानंतर ते रोज सकाळी सयाजीबागेत पाऊण तास चालत आणि चालताना छातीत काही होत नसे. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

घरातला गणपती ज्यावर बसतो तो सागवानी चौरंग त्यांच्या आजोबांच्या वेळचा आहे. दर काही वर्षांनी त्यावर ऑइलपेंटचा एक हात चढत गेला आणि पायांवरची नक्षी पार बुजली. यंदा रंग काढून मूळ लाकडाला पॉलिश करावे असे ठरले. पॉलिश पेपरने घासून रंग काढायला सुताराने चार दिवस सांगितले, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानदाराने ‘रंग काढवानी दवा’ म्हणून एक डबा पुढे केला. घरी आल्यावर त्याचे ‘रंग काढायचे औषध’ झाले. आपल्याकडे ढेकणांवर, उंदरांवर किंवा शेतात फवारायला जे जे मिळते त्या सगळ्याला औषधच म्हणतात आणि त्यात कोणी वावगे मानत नाही. पण या प्रकरणात मला हा शब्द सारखा टोचत राहिला, कारण दुपारी दवाखान्यात ‘अप्पा सकाळी काय करत होते’ या प्रश्नाला वहिनींनी दिलेले उत्तर ‘औषध लावत होते’ असे होते, आणि ऐकणाऱ्याने ते मलम समजून सोडून दिले.

पाऊस लागून राहिल्यामुळे गच्चीवर काम करणे शक्य नव्हते. अप्पांनी चौरंग तळमजल्यावरच्या जुन्या न्हाणीघरात नेला. ही खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच आहे. पूर्वी इथे बंब असे. छताजवळ एक जाळीची झरोकावजा खिडकी आहे, पण झड आत येऊ नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा कागद ठोकलेला होता.

सव्वादहाला काम सुरू झाले. झाकण उघडताना डब्यातून फस्स असा आवाज आला. अप्पांनी थोडे औषध एका पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या मगात ओतून घेतले, ब्रशने जाड थर दिला आणि वाट पाहिली. दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या, तो फुगून वर आला आणि पट्टीने खरवडताना केळीच्या सालीसारखा निघू लागला. हे इतके सोपे पाहून त्यांना हुरूप आला. स्वयंपाकघरात वास येतो म्हणून वहिनींनी दार लोटून घ्यायला सांगितले, ते त्यांनी घट्ट लोटले. पाटावर उकिडवे बसून, चौरंगाचे पाय तपासत, चेहरा लाकडापासून हातभर अंतरावर ठेवून ते साडेअकरापर्यंत काम करत होते.

चहाला बाहेर आले तेव्हा ते जरा जास्तच बोलत होते, उगाच हसत होते आणि डोके हलके झाल्यासारखे वाटते म्हणाले. मुलाने ते सणाच्या उत्साहावर घातले. चहा घेऊन ते पुन्हा आत गेले आणि सव्वाबारापर्यंत दुसरा थर लावून खरवडला. मांडीवर औषध सांडून लेंगा भिजला होता. तिथे चटके बसत होते, पण एवढे झाल्यावरच उठायचे म्हणून ते बसून राहिले. बाहेर आल्यावर मळमळ सुरू झाली. जेवण गेले नाही. एकच्या सुमारास वरच्या मजल्यावर पडायला जाताना जिन्याच्या मध्यावर छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, आणि ते तिथेच पायरीवर बसले.

दवाखान्यातील दुपार

जवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना पावणेदोनला दाखल केले. तिथे जे झाले ते मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. समोर दिसत होते त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी विचार केला आणि तो विचार शिस्तीला धरून होता. स्टेंट असलेला, ६८ वर्षांचा, जिना चढताना छाती भरून आलेला माणूस. ईसीजीमध्ये रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे हलके बदल होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचा पहिला अहवाल सामान्य आला. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता, म्हणून ऑक्सिजन लावला नाही. जिभेखालची गोळी दिली, रक्त पातळ करणारी औषधे दिली, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी धमनीतील रक्ताची वायुतपासणी केली. तिच्या छापील पट्टीवर वरच्या तीन-चार ओळी, म्हणजे आम्लता, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड, ठीक होत्या. त्या वाचून पट्टी फाइलला लावली गेली.

त्याच पट्टीवर खाली एक ओळ होती : कार्बॉक्सिहिमोग्लोबिन ६.१ टक्के.

म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एवढा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला होता. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात हा आकडा साधारणपणे २ टक्क्यांच्या आत असतो. सहा टक्के म्हणजे या माणसाने कुठेतरी कार्बन मोनॉक्साइड घेतला आहे. पण घरात शेगडी नव्हती, जनरेटर नव्हता, गॅसचा गिझर नव्हता, त्यामुळे तो वायू येण्याला उघड असे काही कारणही नव्हते. ती ओळ कोणी वाचली असती तरी यंत्राची चूक म्हणून सोडली गेली असती असे मला वाटते.

चार वाजता अप्पांच्या मुलाने मला फोन केला. “काका, अप्पांना अ‍ॅडमिट केलंय, हार्टचं काहीतरी आहे म्हणतात, पण त्यांचं डोकं फार दुखतंय आणि ते सारखं मांडी जळतेय म्हणतात.” हृदयविकाराच्या रुग्णाची मांडी जळत नाही. मी विचारले, “अरे, सकाळपासून ते करत काय होते?” त्याने चौरंगाचे सांगितले. डबा घरी होता. मी जाऊन पाहिला. दर्शनी बाजूला फक्त ‘पेंट रिमूव्हर’ असे ठळक छापलेले होते. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत हवेशीर जागेत वापरण्याची एक ओळ आणि त्याखाली घटक म्हणून मिथिलीन डायक्लोराइड, शेजारी ७५-०९-२ हा कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक. शेजारी पडलेल्या मगाचा तळ मऊ पडून फरशीला चिकटला होता. असे प्लास्टिक हा द्रव मऊ करतो, त्यामुळे तो मग पाहिल्यावर मला लेबल वाचायचीही गरज नव्हती.

मी नर्सिंग होममध्ये जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांना डबा दाखवला आणि वायुतपासणीची पट्टी पुन्हा पाहायची विनंती केली. त्यांनी ती पाहिली, क्षणभर गप्प राहिले, आणि लगेच पिशवीच्या मास्कने ऑक्सिजन लावायला सांगितला; हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटला. पण मास्क आणि सिलिंडर जुळेपर्यंत मोठ्या इस्पितळात हलवण्याची गाडी आली, आणि वाटेत नाकातल्या नळीने मिळाला तेवढाच ऑक्सिजन मिळाला. सव्वासहाला मोठ्या इस्पितळात पुन्हा रक्त घेतले. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन ९.४ टक्के होते. न्हाणीघरातून बाहेर पडून सहा तास झाले होते, आणि आकडा वाढला होता.

द्रवाची ओळख

मिथिलीन डायक्लोराइड, शास्त्रीय भाषेत डायक्लोरोमिथेन, हा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव आहे. कारखान्यात आम्ही त्याला एमडीसी म्हणतो. राष्ट्रीय महामार्गावर नंदेसरी-रणोलीच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूने ये-जा करणाऱ्या टँकरच्या पाठीवर १५९३ हा आकडा दिसला तर आत हाच द्रव आहे असे समजावे. तो त्याचा संयुक्त राष्ट्रांचा वाहतूक क्रमांक आहे. औषधनिर्मितीत, फोम बनवण्यात, धातूवरचे तेल काढण्यात त्याचा मोठा वापर होतो. तो सहज पेट घेत नाही, आणि त्याची ‘सुरक्षित’ अशी ख्याती झाली ती बरीचशी या एका गुणामुळे. तापलेल्या शेगडीशी किंवा ज्योतीशी त्याची वाफ गेली तर मात्र ती विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होऊ शकतात.

तो साधारण ४० अंश सेल्सियसला उकळतो. बडोद्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या आकड्याचा अर्थ निराळा सांगायला नको. पावसाळ्यातल्या ३० अंशांतही झाकण उघडताच फस्स होते ते आत साठलेल्या वाफेच्या दाबामुळे. हा दाब आवरण्यासाठी रंग काढण्याच्या उत्पादनांत मेण घालतात. मेणाची साय वर धरते आणि द्रव उडून जाण्याआधी खाली रंगात मुरतो. म्हणूनच अप्पांना पहिली दहा मिनिटे फारसा वास आला नाही. पट्टीने खरवडायला सुरुवात केली की ती साय फाटते आणि अडवून धरलेली सगळी वाफ एकदम सुटते, नेमकी माणूस वाकून तोंड जवळ नेतो त्या वेळी. या डब्यांत पुष्कळदा मिथेनॉलही मिसळलेले असते, पण इथे त्याचा भाग दुय्यम होता.

शरीरात काय झाले

या द्रवाचे शरीरात दोन वेगळे परिणाम होतात आणि त्यांची वेळही वेगळी असते. त्यांची गल्लत झाली की रुग्ण हाताळताना चूक होते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिला परिणाम भुलीचा. वाफ फुफ्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत मिनिटांत पोचते. आधी हलके वाटते, हसू येते, मग तोल जातो, आणि प्रमाण फार असेल तर माणूस बेशुद्ध होऊन श्वास थांबतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात जुने बाथटब नव्याने रंगवणाऱ्या १३ कामगारांचे मृत्यू याच द्रवाने झाल्याचे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१२ मध्ये नोंदवले. ते जवळजवळ सगळे लहान, बंद न्हाणीघरांत, टबावर ओणवे होऊन काम करत होते. चहाच्या वेळी अप्पांचे ते जास्तीचे बोलणे हा याच परिणामाचा पहिला टप्पा होता. दुसऱ्यांदा ते परत आत गेले तेव्हा घरातल्या कोणालाही अंदाज नव्हता की ते जिन्यावर न बसता न्हाणीघरातच कोसळू शकले असते.

दुसरा परिणाम उशिराने येतो. यकृतातील एक विकर (एन्झाइम) डायक्लोरोमिथेनचे विघटन करते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे शेगडीचा धूर बाहेरून घ्यावा लागतो, तर इथे तोच वायू शरीर स्वतः आत बनवते. हे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रिचर्ड स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. सुमारे १००० पीपीएम वाफ असलेल्या हवेत दोन तास बसलेल्या स्वयंसेवकांचे कार्बॉक्सिहिमोग्लोबिन १० टक्क्यांच्या आसपास गेले आणि खोलीबाहेर आल्यावरही काही काळ ते वाढत राहिले. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग.

हे वाढत का राहते? विकराची काम करण्याची गती ठरलेली असते. वाफ जास्त झाली की विकर भरगच्च होते आणि उरलेला द्रव चरबीत साठतो. पुढे तो हळूहळू रक्तात परत येतो, विकर त्याचे विघटन करत राहते आणि कार्बन मोनॉक्साइडचा पुरवठा चालू राहतो. धुराने बाधलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आणले की चार-पाच तासांत आकडा निम्मा होतो. या द्रवाने बाधलेल्या माणसात त्याला त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागतो. ‘बाहेर काढले, आता बरे वाटेल’ हा आपला नेहमीचा अनुभव इथे लागू पडत नाही. अप्पांच्या दोन तपासण्यांतील ६.१ आणि ९.४ या आकड्यांचे स्पष्टीकरण एवढेच आहे.

पल्स ऑक्सिमीटर याबाबतीत फसवतो. तो रक्ताच्या लाल रंगावरून हिशेब करतो, आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन यांत त्याला फरक करता येत नाही. ९८ हा आकडा आला तो यामुळे. खरा आकडा फक्त रक्ताच्या तपासणीत, हे दोन्ही वेगळे मोजणारा को-ऑक्सिमीटर असलेल्या यंत्रावर मिळतो.

नऊ टक्के हे तरुण, निरोगी माणसाला डोकेदुखीपुरते असू शकते. अप्पांचे हृदय मात्र आधीच अरुंद वाहिन्यांवर काम भागवत होते. हृदयविकार असलेल्या ६३ पुरुषांवरचा एक काळजीपूर्वक केलेला अमेरिकी अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन २ ते ४ टक्के एवढेच असतानाही व्यायाम करताना ईसीजीतले बदल आणि छातीतली कळ नेहमीपेक्षा लवकर येते, असे त्यात दिसले. त्याच स्ट्यूअर्ट यांनी १९७६ मध्ये आणखी एका रुग्णाची हकीकत नोंदवली होती : ६६ वर्षांचा निवृत्त माणूस, घराच्या तळघरात जुन्या लाकडी सामानाचा रंग काढताना हृदयविकाराचा झटका, बरा होऊन पुन्हा तेच काम, दुसरा झटका, आणि काही महिन्यांनी तिसऱ्यांदा तेच काम करताना मृत्यू. दोनदा जीव वाचून तो माणूस पुन्हा त्याच डब्याजवळ बसला. अप्पांचा मुलगा हे ऐकून म्हणाला, “काका, राहिलेले दोन पाय अप्पा पुढच्या रविवारी करणार होते.”

खोलीचा हिशेब

न्हाणीघराचे आकारमान ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २०.४ घनमीटर. डायक्लोरोमिथेनचे रेणुभार, घनता आणि खोलीचे तापमान धरून हिशेब केला तर एवढ्या खोलीतली हवा २५ पीपीएमपर्यंत नेण्यासाठी फक्त १.३ मिलिलिटर द्रव उडून जावा लागतो. हा चहाच्या चमच्याचा जेमतेम चौथा हिस्सा झाला. २५ पीपीएम हा आकडा मी उगाच घेतला नाही : अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९९७ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी कामगाराला एवढीच सरासरी मर्यादा ठरवली, त्याआधी ती ५०० होती. पंधरा मिनिटांसाठीची मर्यादा तेव्हा १२५ ठरली. आणि जीविताला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे २३०० पीपीएम. ती गाठायला या खोलीत सुमारे १२० मिलिलिटर द्रव उडणे पुरेसे आहे, म्हणजे एक लहान कप. अप्पांनी जवळपास अर्धा लिटर औषध वापरले होते. दाराच्या फटीतून काही वाफ बाहेर गेली असणार, काही लाकडात आणि खरवडलेल्या रंगात अडकली असणार. हे सगळे वजा करूनही त्यांच्या नाकाजवळची पातळी हजारांत होती याबद्दल मला शंका नाही, आणि रक्ताचा आकडा त्याला दुजोरा देतो.

या द्रवाचा वास माणसाला साधारण २०० ते ३०० पीपीएमच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजे वास येईपर्यंत आठ तासांची मर्यादा दहापट ओलांडलेली असते. थोड्या वेळाने नाक सरावते आणि तोही येईनासा होतो.

वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते, म्हणून ती खाली साचते, असे सगळीकडे लिहिलेले सापडते. ते अर्धे खरे आहे. शुद्ध वाफ जड असते, पण हवेत मिसळून हजारात दोन-तीन भाग झाल्यावर ते मिश्रण साध्या हवेहून जेमतेम जड राहते आणि खोलीभर पसरते. जडपणा जाणवतो तो ओल्या पृष्ठभागालगत, जिथे ती अजून घट्ट आहे, आणि चौरंगासमोर उकिडवा बसलेला माणूस नेमका त्या थरात असतो. उभ्याने, उंच टेबलावर आणि वारा पाठीकडून येत असताना केलेले तेच काम पुष्कळ कमी घातक ठरले असते, जरी त्याला सुरक्षित म्हणता येणार नाही.

उरलेले मगातले औषध वहिनींनी मोरीत ओतून वर बादलीभर पाणी टाकले होते. हा द्रव पाण्यापेक्षा जड आहे आणि त्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो मोरीच्या कुंडीत तळाला जाऊन बसला आणि पुढचे दोन दिवस जाळीतून वास येत राहिला. पीव्हीसीच्या पाइपालाही तो मऊ करतो.

हातमोजे आणि मास्क

अप्पांनी तोंडाला कोविडच्या वेळचा मास्क बांधला होता आणि हातात भांडी घासायचे रबरी मोजे होते. कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. कोळशाची डबी असलेला अर्धा मास्कही या द्रवापुढे भरवशाचा नाही, कारण तो कोळशातून फार लवकर पार होतो. कारखान्यात आम्ही या कामासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्कच देत असू. रबरी आणि नायट्राइल मोज्यांतून तो काही मिनिटांत आत जातो, आणि मोजा असल्याच्या भरवशावर माणूस हात बुडवत राहतो. अप्पांच्या मनगटावर, मोज्याच्या आत, मांडीवर होता तसाच लाल चट्टा होता. त्वचेवर अडकून राहिला की हा द्रव भाजल्यासारखी जखम करतो, म्हणून भिजलेला लेंगा तत्काळ काढून वाहत्या पाण्याने धुवायला हवे होते. ते पाच तासांनी झाले.

दीर्घकाळच्या धोक्याबद्दल थोडेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये डायक्लोरोमिथेनला माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. हा प्रश्न वर्षानुवर्षे त्यात काम करणाऱ्यांचा आहे. एका सकाळच्या संपर्कावरून अप्पांनी त्याची चिंता करण्याचे कारण नाही आणि मी तसे त्यांना स्पष्ट सांगितले.

युरोपीय संघाने २००९ च्या निर्णयाने रंग काढण्याच्या उत्पादनांत हा द्रव सर्वसामान्य ग्राहकांना विकणे टप्प्याटप्प्याने बंद केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठीची अशी विक्री थांबवली आणि २०२४ मध्ये बहुतेक इतर उपयोगांवरही बंदी आणली. तिथे १९८० ते २०१८ या काळातील ८५ मृत्यू या एका द्रवाशी जोडले गेले होते. आपल्याकडचा कारखान्यांतल्या सुरक्षेचा कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपतो. तीस वर्षे मी ज्या द्रवाच्या ड्रमाजवळ परवाना, देखरेख आणि हवा मोजल्याशिवाय कोणाला जाऊ दिले नाही, तो बाजारात बिनापरवाना मिळतो आणि माणूस घरी जाऊन दार लावून घेतो.

पुढे

मोठ्या इस्पितळात अप्पांना रात्रभर पिशवीच्या मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कार्बॉक्सिहिमोग्लोबिन २.२ टक्क्यांवर आले, ईसीजीतले बदल गेले, आणि ट्रोपोनिनचे पुढचे दोन्ही अहवाल सामान्य होते. ऑक्सिजन काढल्यावर सहा तासांनी पुन्हा रक्त घ्यावे, आकडा परत चढतो का ते पाहावे, असे मी सुचवले आणि तिथल्या डॉक्टरांनी ते मान्य केले. तो चढला नाही. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. मांडीवरची जखम भरायला तीन आठवडे लागले.

अर्धा डबा उरला होता. तो कचरागाडीत टाकता येत नव्हता आणि मोरीत ओतणे तर एकदा झालेच होते. मी तो झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या बादलीत वाळू घालून त्यात उभा केला, सावलीत गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला, आणि नंतर एका जुन्या सहकाऱ्यामार्फत त्यांच्या कारखान्यातल्या वापरलेल्या द्रावकांच्या ड्रममध्ये रीतसर नोंद करून रिकामा केला. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी काय करावे, याला बडोद्यात माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

चौरंगाच्या राहिलेल्या रंगाचा प्रश्नही सोपा नाही. पॉलिश पेपरने कोरडे घासावे तर त्या जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएमची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू आहे, आणि घरात अप्पांचा तीन वर्षांचा नातू आहे. गरम हवेच्या पिस्तुलानेही शिशाचा धूर निघू शकतो. बाजारात बेंझाइल अल्कोहोलवर आधारलेली उत्पादने आहेत. ती हळू काम करतात, रात्रभर ठेवावी लागतात, पण कार्बन मोनॉक्साइड बनवत नाहीत. त्यांच्या शेजारीच एन-मिथाइल पायरोलिडोनवाली उत्पादनेही असतात, आणि ती गर्भाला घातक असल्याने अप्पांच्या सुनेच्या घरात मला नको होती. कॉस्टिक सोड्याची उत्पादने लाकूड काळे करतात आणि त्वचा जाळतात.

शेवटी यंदा गणपती दोन पायांवर नक्षी दिसणाऱ्या आणि दोन पाय अजून हिरव्या रंगात असलेल्या चौरंगावर बसला. वहिनींनी वर जरीचे वस्त्र जमिनीपर्यंत सोडले. राहिलेले काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर, गच्चीवर टेबलावर ठेवून, बेंझाइल अल्कोहोलच्या लेपाने आणि ओल्या पट्टीने करायचे ठरले आहे. खरवड ओल्या वर्तमानपत्रात गोळा होईल, नातू खाली राहील, आणि पट्टी सुताराच्या हातात असेल. अप्पांनी खुर्ची टाकून लांबून पाहायचे कबूल केले आहे.